पुरात भिजलेला ऑर्गन आणि घासलेले सहा सूर

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा कारेलीबागेतल्या एका बंगल्याच्या दिवाणखान्यात एक जुना अमेरिकन ऑर्गन उभा होता. घरातलं पाणी दीड फुटावर थांबलं. पायडलं पूर्ण बुडाली, भात्याचा खालचा निम्मा भाग भिजला, आणि रीड्स, म्हणजे हवेनं वाजणाऱ्या पितळेच्या जिभा, जिथे बसवलेल्या असतात तो वरचा भाग कोरडा राहिला. पेट्या आणि ऑर्गन दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय आहे. या एका ऑर्गनचं काम तपशिलानं लिहून ठेवतोय, कारण असे ऑर्गन बडोदं, इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, सांगलीकडच्या जुन्या घरांत अजून आहेत, आणि हौसेनं केलेली दुरुस्ती पुष्कळदा त्यांचा इतिहासच पुसून टाकते.

पाणी ओसरल्यावर

त्या बंगल्यातल्या काकूंचा फोन आला तेव्हा त्यांचे दोन प्रश्न होते. “गच्चीवर उन्हात ठेवू का?” आणि “नातू म्हणतो, पायडल मारून बघतो, सूर येतो का. मारू दे का?” दोन्हीला मी नाही म्हटलं. काकूंनी ऐकलं, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

उन्हात लाकूड एका अंगानं आधी वाळतं, आक्रसतं आणि वाकतं. ऑर्गनमधल्या रीड्स ज्या लाकडी फळीवर ओळीनं बसतात, तिला केसाएवढी जरी चीर पडली तरी हवा एका रीडच्या घरातून दुसरीच्या घरात जाते आणि न दाबलेला सूर वाजत राहतो. पायडल मारायचं नव्हतं ते वेगळ्या कारणानं. आत हवेच्या झडपा असतात, मेंढीच्या पातळ कातड्याच्या. ओलं कातडं ताणलं की फाटतं, आणि भात्याच्या तळाशी बसलेला गाळ प्रत्येक घडीत जाऊन बसतो.

त्याच संध्याकाळी मी आणि माझ्याबरोबर नेहमी काम करणारा मिस्त्री असे दोघं गेलो. पट्ट्यांची चौकट आणि रीड्सची फळी स्क्रू काढून वेगळी केली आणि वरच्या मजल्यावर, बंद खिडकीच्या खोलीत, चादरीवर आडवी ठेवली. खालचा भाग मात्र तिथेच राहू दिला. मागच्या फळ्या काढल्या आणि गाळ ओला होता तेवढ्यात स्वच्छ पाण्यानं धुतला. घरात आलेल्या पुराच्या पाण्यात गटाराचंही पाणी असतं. तो गाळ लाकडात वाळला की बुरशी धरते आणि नंतर खरवडताना लाकूडही निघतं. मग जुन्या सुती साड्यांच्या पट्ट्या फटींत सरकवून पाणी टिपलं. पंखा लावला, पण भिंतीकडे तोंड करून. पुढे लाकूड आपल्या गतीनं वाळू दिलं. ओलावा मोजायचं यंत्र सगळीकडे १२ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत दिवाळी उलटून गेली. या काळात कुणी काही केलं नाही, हीच यातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती होती. घरातल्या माणसांना ते पटवणं सोपं नव्हतं.

वाट बघताना एक गोष्ट आपोआप झाली. हा ऑर्गन मुळात सरसानं जोडलेला होता. जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस पाण्यात फुगतो आणि ऊब मिळाली की सुटतो. त्यामुळे भात्याच्या फळ्यांचे मूळचे सांधे हातानं अलगद उघडले, कुठे छिन्नी लावावी लागली नाही. मधल्या काळात कुणीतरी भात्यावर रेक्झिन चढवलं होतं आणि ते पांढऱ्या सिंथेटिक गोंदानं चिकटवलं होतं. तो गोंद पाण्यानं दुधाळ झाला, पण सुटला नाही. तो काढताना खालच्या लाकडाचे तंतू निघाले. शंभर वर्षांपूर्वीचा सांधा आज बिनबोभाट उघडतो आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा उघडत नाही, यावरून कोणता गोंद वापरायचा हे माझ्यापुरतं ठरलं आहे. पुढे कधीतरी दुसरा कुणी हा ऑर्गन उघडेल, आणि त्याला तो लाकूड न फाडता उघडता आला पाहिजे.

हा पाइप ऑर्गन होता का?

घरात सगळे याला ‘चर्चचा पाइप ऑर्गन’ म्हणायचे. त्याला कारण होतं. माळ्यावर जुन्या गादीत गुंडाळलेली सोनेरी मुलाम्याच्या नळ्यांची एक रांग होती, मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरत गेलेली. ती ऑर्गनच्या डोक्यावर बसायची, असं काकूंनी लहानपणी आजेसासऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

ती रांग खाली उतरवून उलटी केली आणि प्रश्न मिटला. नळ्या समोरून गोल होत्या, मागून सपाट. तळाशी हवा आत जायला भोक नाही, मधे सूर फुटायला ओठ नाही. त्या शोभेच्या होत्या. पाइप ऑर्गनमध्ये हवा दाबून नळीत सोडतात आणि नळीतला हवेचा स्तंभ वाजतो. या ऑर्गनमध्ये वाजते ती पितळेची रीड, आपल्या पेटीतल्यासारखीच, फक्त हवेची दिशा उलटी. आपली पेटी हवा बाहेर ढकलून रीड वाजवते. अमेरिकन ऑर्गनमध्ये पायडलानं भात्यातली हवा काढून टाकतात आणि बाहेरची हवा रीडमधून आत ओढली जाते. ओढलेल्या हवेचा सूर मऊ आणि गोल लागतो. पेटीच्या सुराला असते ती धार त्याला नसते.

मग शोभेच्या नळ्या कशासाठी? खरा पाइप ऑर्गन म्हणजे शेकडो नळ्या, मोठा भाता, कातडं आणि लाकूड, आणि त्याची नियमित देखभाल करणारा जाणता कारागीर. पावसाळ्यात फुगणारं आणि उन्हाळ्यात तडकणारं हवामान, वाळवी, कसर यांना तोंड देत तो टिकवणं मोठ्या शहरांतल्या श्रीमंत चर्चनाच परवडायचं. लहान चर्च आणि मिशनच्या प्रार्थनाघरांसाठी रीड ऑर्गन सोयीचा होता. चार माणसांनी उचलावा, कुठेही ठेवावा, पायडल मारावं आणि वाजवावा. काही कारखाने अशा ऑर्गनच्या डोक्यावर नळ्यांचा देखावा बसवून द्यायचे, म्हणजे प्रार्थनेला आलेल्या माणसाला मोठ्या चर्चची आठवण व्हावी.

यावर नाव होतं एस्टी कंपनीचं, गाव ब्रॅटलबरो, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं. जेकब एस्टी मूळचा नळकाम करणारा. त्याच्या कंपनीनं पुढे पाच लाखांहून अधिक रीड ऑर्गन बनवले. १८६९च्या पुरात कारखान्याचं मोठं नुकसान झालं. तेव्हा ओढ्याकाठची जागा सोडून कंपनी उंचावर गेली आणि आगीपासून बचाव व्हावा म्हणून नव्या इमारतींच्या भिंतींना बाहेरून पाटीच्या दगडाचे तुकडे लावले. त्या इमारती अजून उभ्या आहेत आणि तिथे आता ऑर्गनचं संग्रहालय आहे. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे त्यांनी पहिल्या पुरातच शहाणपण घेतलं.”

अनुक्रमांकावरून हा ऑर्गन १८८०च्या दशकातला ठरतो. पाच सप्तकं, ६१ पट्ट्या, दोन ओळी मिळून १२२ रीड्स. ऑर्गनचा खोका अक्रोडाच्या लाकडाचा. मागच्या फळीवर काळ्या शाईच्या साच्यानं उमटवलेलं ‘बॉम्बे’ अजून वाचता येतं. म्हणजे तो बोटीनं मुंबईला उतरला, हे नक्की. त्यापुढचं घरातल्या आठवणीवर आहे. बडोद्यात अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं काम होतं. आजेसासऱ्यांनी तो मिशनच्या एका बाईंकडून विकत घेतला, असं घरात सांगतात. घ्यायचं कारण भक्तीचं नव्हतं. ते नाटकाच्या गाण्याला साथ करायचे.

बडोद्यात ही गोष्ट कुणाला नवलाची वाटू नये. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली संगीताची शाळा काढली. पाश्चात्त्य वाद्यं या शहराच्या अंगवळणी लवकर पडली. गंधर्व नाटक मंडळीला बडोदे दरबाराचा आश्रय होता, आणि ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग १९१९ साली इथेच झाला. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा, ही मैफल ज्यांनी ऐकली ते आयुष्यभर तिच्याबद्दल बोलत राहिले. ऑर्गन रंगभूमीवर आला त्याला कारणं होती. तेव्हा मायक्रोफोन नव्हते, शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचायला हवा होता. पेटीवाल्याचा एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनवर भाता पायात, दोन्ही हात पट्ट्यांवर. आणि तान संपल्यावरही ऑर्गनचा सूर मागे भरून राहतो, गायकाला दम घ्यायला जागा देतो.

शोभेच्या नळ्या माळ्यावर का गेल्या, तेही इथेच उलगडलं. ऑर्गनच्या वरच्या कडेला त्या रांगेच्या स्क्रूंची भोकं लाकडाच्या खुंट्यांनी नीट बुजवलेली आहेत आणि वर पॉलिश आहे. साथीदार रंगमंचासमोर, गायकाकडे तोंड करून बसतो. त्याच्या डोळ्यांसमोर तीन फुटी नळ्यांची भिंत असेल तर गायकाचा चेहराच दिसणार नाही, सम कुठे येते ते कळणार नाही. चर्चमधे जो भाग सगळ्यात दिमाखदार होता, तो नाटकात पहिल्या दिवशी अडचणीचा ठरला असणार.

सहा सूर

रीड्स कोरड्या होत्या, पण धुळीनं भरलेल्या. एस्टीत रीड स्क्रूनं बसवलेली नसते. लाकडी घराच्या खाचेत ती सरकवलेली असते आणि एका लहान आकड्यानं ओढून बाहेर येते. एकेक काढून, पट्टीच्या क्रमानं भोकं पाडलेल्या फळीवर मांडली. मऊ ब्रशनं धूळ झटकली, एवढंच. ब्रासो किंवा कसलंही पॉलिश रीडला लावू नये. चकाकी येते ती धातू झिजून येते, आणि धातू झिजला की सूर हलतो.

भिंगाखाली बघताना एक गोष्ट लक्षात आली. रीडच्या जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. सूर लावायची हीच रीत आहे. कारखान्यातल्या घासण्याच्या खुणा सगळ्या रीड्सवर होत्या, एकसारख्या, आडव्या, बारीक. पण सहा रीड्सवर त्यांच्यावरून वेगळ्या खुणा होत्या, तिरप्या आणि जरा खोल, बुडाशीच. त्या उघड्या पितळेसारख्या पिवळ्या नव्हत्या, बाकीच्या धातूइतक्याच तपकिरी झाल्या होत्या. म्हणजे अलीकडच्या नव्हेत, कैक दशकांपूर्वीच्या.

सहाही एकाच ओळीतल्या, मधल्या दोन सप्तकांतल्या. आणि सप्तकातल्या पांढऱ्या व काळ्या पट्ट्या डावीकडून मोजल्या तर पट्ट्या तीनच: पांढरी चार, काळी पाच, पांढरी एक.

काळी एकला षड्ज धरला की पांढरी चार म्हणजे शुद्ध गंधार, काळी पाच म्हणजे शुद्ध धैवत, वरची पांढरी एक म्हणजे शुद्ध निषाद. कारखान्यातून आलेला ऑर्गन बारा समान भागांत मिळवलेला असतो. त्या मापात गंधार, धैवत आणि निषाद हे तीन सूर तंबोऱ्याशी जुळणाऱ्या सुरांपेक्षा चढे पडतात. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर गंधार १४ भाग चढा, धैवत १६, निषाद १२. रिषभ, मध्यम, पंचम मात्र दोन-चार भागांच्या आतच असतात, त्यांना हात लावायचं कारण नसतं. आणि या ऑर्गनमध्ये त्यांना कुणी हात लावलेलाही नव्हता. ज्या माणसानं रीड्स घासल्या त्याला नेमकं ठाऊक होतं की काय खटकतंय आणि किती.

पट्ट्यांच्या मागच्या टोकावर, जिथे वाजवणाऱ्याला काही दिसत नाही, काळी एकवर पेन्सिलीनं लिहिलेलं ‘सा’ सापडलं. अक्षर लहान, घाईतलं, पण स्वच्छ. मी ते बराच वेळ बघत होतो.

या चढ्या गंधारावरून आपल्याकडे केवढा वाद झालाय. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, त्यात हा मुद्दा मोठा होता, आणि ती बंदी सैल व्हायला तीस वर्षं गेली. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. बडोद्यातल्या एका साथीदारानं तोच प्रश्न कानस घेऊन, सहा रीड्सपुरता, एका गायकासाठी सोडवून टाकला होता. तो गायक काळी एकमध्ये गायचा, म्हणजे पुरुष गायक असण्याची शक्यता जास्त. स्त्रिया बहुधा काळी चार-पाचच्या आसपास गातात.

दोन ओळी एकदम वाजवल्या की या तीन पट्ट्यांवर सूर थरथरायचा, सेकंदाला पाच-सहा लाटा. याआधी कुणा दुरुस्तीवाल्यानं त्यावर ‘ऑर्गन बेसूर आहे’ असा शेरा मारला होता. काही ऑर्गनमध्ये अशी थरथर मुद्दाम ठेवलेली असते, पण ती सगळ्या पट्ट्यांवर असते. तीनच पट्ट्यांवर, आणि त्याही गंधार, धैवत, निषादाच्या, अशी थरथर योगायोगानं येत नाही.

मतभेद

आता मुख्य प्रश्न. हा ऑर्गन कोणत्या स्थितीला परत न्यायचा?

नातवाचं म्हणणं सरळ होतं. तो कीबोर्ड वाजवतो, त्याचे मित्र गिटार आणि बासरी वाजवतात. सगळ्यांबरोबर वाजायचा तर ऑर्गन आजच्या ४४० च्या मापात (म्हणजे मधल्या पांढरी सहाची सेकंदाला ४४० कंपनं) आणि समान मिळवणीत हवा. हा ऑर्गन आहे साधारण ४५२ च्या आसपास. त्या काळात अमेरिकेत सूर असेच चढे लावत. १८९१मध्ये तिथल्या पियानो कारखानदारांनी ४३५ हे माप स्वीकारलं, आणि ४४० वर आंतरराष्ट्रीय एकमत झालं ते १९३९ साली. त्यामुळे या ऑर्गनची काळी एक आजच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या जवळजवळ मधोमध पडते.

त्याच्या मागणीत चूक काही नव्हती, पण किंमत मोठी होती. १२२ रीड्स जवळजवळ पाव सुरानं उतरवायच्या म्हणजे प्रत्येकीच्या बुडाशी इतका धातू काढायचा की जीभ तिथेच कमकुवत होणार. अशा रीड्स पुढे वाजता वाजता मोडतात, आणि पाव सूर उतरवलेली रीड पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. हे त्याला एका भंगार रीडवर करून दाखवलं. त्यानं लगेच मान्य केलं.

दुसरी बाजू मला जास्त अवघड गेली. फत्तेगंजकडच्या एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे गृहस्थ बघायला आले. रीड्स फळीत परत बसवलेल्या होत्या, भाता अजून जुनाच होता, म्हणून एका लहान पंप्यानं हवा ओढून त्यांनी दोन-तीन प्रार्थनागीतं वाजवली. त्यांचं बोट पांढरी चारवर आलं की चेहरा बदलायचा. पांढरी चार हा ज्या गीताचा मूळ सूर आहे, त्यात आधारच खाली सरकलेला. ते म्हणाले, “हे वाद्य प्रार्थनेसाठी घडवलंय. नंतर कुणीतरी आपल्या सोयीसाठी ते बिघडवलं. तुम्ही पूर्ववत करताय तर पूर्ववतच करा. सहाच तर रीड्स आहेत, टोकाला जरासं घासलं की झालं.”

त्यांचा युक्तिवाद मी टाळू शकत नव्हतो. सहा रीड्स १२-१६ भाग चढवणं खरोखर सोपं आहे, धोका जवळजवळ नाही. पूर्ववत करणं याचा सरळ अर्थ कारखान्यातून निघाला तसा करणं, हेही खरं. पण मला ते करायचं नव्हतं, आणि त्याचं कारण भावनेचं एवढंच नाही. चर्चमधलं या ऑर्गनचं आयुष्य दुसऱ्या शेकडो एस्टी ऑर्गननी सांगितलेलं आहे. तसे ऑर्गन अमेरिकेत संग्रहालयांत आहेत, कारखान्याच्या याद्या आहेत. बडोद्यातल्या एका नाटकातल्या साथीदाराच्या कानाचा पुरावा मात्र या सहा जिभांखेरीज कुठेही नाही. त्याचं नाव नाही, ध्वनिमुद्रण नाही, प्रयोगाच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख असण्याची शक्यताही थोडी. टोकाला जरासं घासलं की तो माणूस कायमचा गेला. पहिल्या मालकाचा हक्क मोठा आणि दुसऱ्याचा लहान, असं जुनी वस्तू हाताळताना मला धरता येत नाही.

मार्ग ऑर्गनमध्येच होता. घासलेल्या सहाही रीड्स खालच्या सप्तकाच्या ओळीत आहेत, म्हणजे डायापेसन आणि मेलोडियाच्या खुंट्यांवर (खुंटी ओढली की तिची रीड्सची ओळ वाजू लागते). व्हायोला आणि फ्लूटची दुसरी ओळ एक सप्तक वर वाजते, आणि तिला कुणीच हात लावलेला नाही. ती कारखान्याच्याच मिळवणीत आहे. ती एकटी ओढायची आणि हात एक सप्तक खाली ठेवून वाजवायचं, की प्रार्थनागीत जसं हवं तसं वाजतं. खर्जाचं एक सप्तक तेवढं गमवावं लागतं. त्या गृहस्थांना तिथेच वाजवून बघायला सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच गीत घेतलं, संपेपर्यंत वाजवलं आणि म्हणाले, “चालेल. खर्ज हवाच असेल तेव्हा मी चर्चचा वापरीन.”

आणि नाटकाच्या गाण्यासाठी ४५२ची अडचण मुळात येतच नाही. तंबोरा, तबला, सारंगी ऑर्गनला मिळवून घेता येतात. आपल्या गाण्यात षड्ज कुठे धरायचा हे गायक ठरवतो. चढ्या मापाचा जुना ऑर्गन पाश्चात्त्य वाद्यवृंदात निरुपयोगी ठरतो आणि आपल्याकडे तो जसाच्या तसा चालतो. अशा ऑर्गनची मिळवणी बदलायची घाई करणाऱ्यांनी हे आधी तपासावं, असं मला कळकळीनं वाटतं. बासरीवाल्याला तेवढी वेगळी बासरी करून घ्यावी लागेल.

काय बदललं

खालच्या भागात दया दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. भात्याचं कापड पूर्ण नवीन घातलं, रबर चढवलेलं दाट विणीचं सुती. झडपांना मेंढीचं पातळ कातडं. सगळं गरम सरसानं, दोन भांड्यांच्या जुन्या पद्धतीनं, कारण सरस थेट आचेवर ठेवला की जळतो आणि धरत नाही. भात्यातल्या पोलादी स्प्रिंगा गंजल्या होत्या. गंज काढून त्याच बसवल्या, कारण त्यांचा जोर मूळ वजनाला बेतलेला आहे आणि नवीन स्प्रिंग जरा कडक लागली तरी पायडल मारणाऱ्याच्या पिंढऱ्या भरून येतात. पायडलांवरचा गालिचा कुजला होता, तिथे साधी सतरंजी आली. पट्ट्यांखालचं फेल्ट पुरानं नव्हे तर कसरीनं खाल्लं होतं. ते बदललं आणि जुन्याचे तुकडे कागदी पाकिटात घालून आत ठेवले. खर्चाचा मोठा वाटा मालाचा नव्हता, मजुरीचा होता, विशेषतः तो पांढरा गोंद खरवडण्याचा.

एक रीड मूळची नव्हती. कुणीतरी गुजरातमधल्या पालीताण्यात बनणारी पेटीची रीड मेण लावून घरात ठोकून बसवली होती. पालीताण्याच्या रीडमध्ये वाईट काही नाही, मी रोज वापरतो. पण ती ढकललेल्या हवेसाठी घडवलेली, आणि खाचेच्या मापाची नाही. मुंबईच्या चोरबाजारातून एका मोडक्या अमेरिकन ऑर्गनच्या रीड्स माझ्याकडे आणलेल्या होत्या, त्यांतली जवळच्या मापाची निवडली आणि मिळवली. तिच्या बुडाशी ‘२०२५’ कोरून ठेवलंय, म्हणजे पुढे कुणी मूळ म्हणून तिचा अभ्यास करत बसणार नाही.

व्हॉक्स ह्युमानाची खुंटी मी चालू केली नाही. तिच्यामागे एक कागदी पंखा असतो, हवेच्या ओढीनं फिरतो आणि सुराला कंप देतो. पंखा शाबूत आहे, पण त्याची फिरकी झिजलेली आहे. ती बदलायची तर पंख्याचा मूळ कागद सोडवावा लागेल, आणि तो सुटताना टिकेल याची मला खात्री नाही. राहू दे.

भाता चढवल्यावर तपासणी केली. सगळ्या खुंट्या बंद, पायडल मारून भाता पूर्ण मिटवायचा, पाय काढायचे आणि तो आपोआप उघडायला किती वेळ लागतो ते बघायचं. अर्ध्या मिनिटापेक्षा बराच जास्त लागला. या वयाच्या ऑर्गनला तेवढं पुष्कळ झालं.

पहिली बैठक घरातच झाली. काळी एकमध्ये गाणारे एक जण मुद्दाम बोलावले होते, त्यांना सहा रीड्सबद्दल काही सांगितलं नव्हतं. तबला मिळवायलाच वेळ गेला, शाई पुढची का मागची यावर चर्चा झाली, मग तंबोरा लागला. गंधारावर ठेहराव आला तेव्हा ते थांबले आणि ऑर्गनवाल्याला म्हणाले, “अहो, हा तर लागतोय की.” नंतर त्यांना फळी उघडून रीड दाखवली.

आता ऑर्गन पहिल्या मजल्यावर आहे. तो वर नेताना जिन्याच्या वळणावर पाय काढावे लागले, तेव्हा पायांच्या सांध्यांनाही सरसच वापरलाय. झाकणाच्या आतल्या बाजूला एक मराठी कागद चिकटवला आहे: काय बदललं, कोणत्या गोंदानं, कोणत्या सहा रीड्सना कानस लावू नये आणि का. पावसाळ्यात खर्जाच्या दोन पट्ट्या फुगून अडकतात. त्या रंध्यानं तासायला मी नकार दिला, कारण मार्चमध्ये त्याच पट्ट्या सैल होऊन खडखडतील. पट्ट्यांच्या मधे जाड कागदाची घडी सरकवून ऑक्टोबरपर्यंत काम चालतं. नातू आता ते स्वतः करतो, आणि गिटारवाल्या मित्रानं आपली गिटार चढी मिळवून घेतली आहे.